पाणी तोडून प्रवास नको

वर्षावास संपत आला की वस्तीत नागपूरची बोलणी सुरू होतात. विहारात बैठक बसते, गाडी ठरते, माणशी वर्गणी निघते, बॅनर छापायला जातो. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर कोण बसणार, यावरही दोन शब्द होतात. पण रात्रभराच्या वाटेत बायकांनी लघवीला कुठे जायचे, हा विषय त्या बैठकीत निघत नाही.

मग बायका आपापला उपाय करतात. निघायच्या दिवशी दुपारपासून पाणी बंद, चहासुद्धा अर्धा कप. साखरेचा आजार असलेली आजी असो की सहा महिन्यांची गरोदर सून, सगळ्यांचा उपाय एकच. आम्हाला तो मान्य नाही. दोष मात्र आम्ही बायकांना देत नाही. जिथे जायचीच सोय नाही, तिथे त्या दुसरे करणार काय?

पाणी तोडले आणि लघवी तुंबवून धरली की जंतू वाढायला वाव मिळतो. घरी परतल्यावर जळजळ सुरू होते, थेंब थेंब होते, कधी थंडी वाजून ताप येतो. गरोदर बाईला आणि साखर असलेल्या माणसाला हे दुखणे लवकर होते आणि जास्त जड जाते. शिवाय ऑक्टोबरचे ऊन असते. दीक्षाभूमीच्या रांगेत एखादी भोवळ येऊन बसली की आपण म्हणतो, उपाशी असेल. पुष्कळदा ती तहानलेली असते.

आणखी एक गोष्ट. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, म्हणून त्या दिवसाची गोळी गुपचूप चुकवली जाते. असे करू नये. गोळीची वेळ पुढे-मागे करता येते का, हे निघण्याआधीच दवाखान्यात विचारून घ्यावे.

आमचे म्हणणे इतकेच, की गाडी ठरवताना थांबेही ठरवा. दर दोन-तीन तासांनी एक थांबा, आणि तो सगळ्यांसमक्ष ड्रायव्हरला सांगितलेला. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. तिथे गाड्या भरधाव असतात. मनात आले म्हणून कडेला गाडी लावणे जिवावर बेतते. म्हणून कोणत्या पंपावर, कोणत्या ठिकाणी थांबायचे ते आधीच चौकशी करून कागदावर लिहा. गाडीत टॉर्च, साबण आणि पाण्याचा वेगळा कॅन असू द्या. अंधारात एकटीने जाऊ नये, तिघी-चौघींनी मिळून जावे. आणि ती पुढची सीट यंदा महिला मंडळातल्या एखाद्या ठसक्याच्या बाईला द्या. मागून हाक मारून गाडी थांबवायला सुनेला लाज वाटते; पुढे मावशी बसली असेल तर ती तिच्या कानात सांगू शकते.

रेल्वेने जाणाऱ्यांची अडचण वेगळी. ६ डिसेंबरला दादरकडे येणाऱ्या जनरल डब्यात संडासाच्या दारापर्यंत माणसे बसलेली असतात. अशा वेळी घोट घोट पाणी पीत राहावे आणि गर्दी थोडी हलली की लगेच जाऊन यावे. डब्यातल्या तरुणांनी वाट करून द्यावी. एवढे तर ते करूच शकतात.

आता पायांचे. चार तासांहून जास्त वेळ पाय लोंबकळत ठेवून बसले की घोट्याला सूज येते, आणि कधी कधी पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ होते. नुकते बाळंतपण किंवा ऑपरेशन झालेल्यांनी जास्त जपावे. तासातासाने उठावे. उठायला जागा नसेल तर बसल्या जागी पावले वर-खाली करावीत, पोटऱ्या आवळून सोडाव्यात. पायाशी पिशव्या रचू नयेत. एकाच पायाला सूज आली, तो गरम लागला, दुखू लागला तर डॉक्टरांना दाखवावे. अचानक धाप लागली, छातीत दुखले तर १०८ ला फोन करावा. रेल्वेत असाल तर १३९ ला.

जेवणात भाकरी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी टिकते. भात-भाजीचा डबा सकाळपर्यंत आंबतो. ओआरएसची पाकिटे जवळ ठेवा. ती नसतील आणि जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी पाजत राहावे.

औषधे सीटखालच्या बॅगेत नकोत, अंगावरच्या पिशवीत असावीत. ती परतीच्या दिवसांना पुरून दोन दिवसांची उरतील इतकी घ्या. डॉक्टरांची चिठ्ठी आणि घरच्यांचा फोन नंबरही त्याच पिशवीत ठेवा. इन्सुलिन उन्हात किंवा खिडकीशी ठेवू नये, बर्फातही घालू नये. ते घेणाऱ्यांनी जवळ साखर बाळगावी. घाम फुटला, हात थरथरले तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यावी आणि शेजारी बसलेल्याला सांगावे.