घोडा कोणाच्या बाजूचा?

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या चर्चच्या व्हरांड्यात मुलांचा वाचनवर्ग भरतो, हे आमच्या नेहमीच्या वाचकांस ठाऊक आहेच. धर्मशिक्षणाचा तास संपला की अर्धा तास गोष्टीचा. यंदा एका सकाळी आम्ही हळदीघाटाची कथा सांगत होतो. १५७६ सालची ती लढाई, राणा प्रतापांचा तो जखमी चेतक, पाय निकामी झालेला असतानाही त्याने ओलांडलेला ओढा, आणि पलीकडच्या तीरावर धन्यास सुखरूप उतरवून त्याने सोडलेला प्राण. परंपरेने चालत आलेली ही कथा सांगताना आमचाही कंठ दाटून आला होता. मुले स्तब्ध बसली होती. इतक्यात मागच्या रांगेतील पाचवीतल्या एका मुलाने हात वर केला.

"फादर, घोडा कोणाच्या बाजूचा होता?"

"अरे बाळा, राणाजींच्या बाजूचा."

"पण त्याला कुणी विचारलं होतं का?"

मुले हसली, आम्हीही हसलो आणि वर्ग सोडून दिला. तथापि तो प्रश्न आमच्या पाठीस लागला तो लागलाच. आजचे हे टिपण म्हणजे त्या मुलास तेव्हा न दिलेले उत्तर होय.

घोड्याच्या गोष्टींची गोडी आम्हांस लहानपणापासून. ती गोडी माणसाइतकीच जुनी असावी. ईयोबाच्या ग्रंथातील ३९ व्या अध्यायात युद्धाच्या घोड्याचे जे वर्णन आहे, ते वाचून कोणाच्या अंगावर रोमांच उभे राहिले नाहीत? सेमिनरीत असताना ग्रंथालयाच्या कपाटात आम्हांस अलेक्झांडर द्युमा या फ्रेंच लेखकाची १८४४ सालची 'थ्री मस्केटिअर्स' ही कादंबरी सापडली, आणि अभ्यासाचे तास चुकवून आम्ही ती वाचली, हे आज कबूल करावयास हरकत नाही. तीत नायक दार्तान्याँ राणीच्या कामगिरीवर निघतो, वाटेत एकेक सोबती गळतो, आणि तो भरधाव कॅले बंदराकडे दौडत राहतो. नगराचा दरवाजा अवघा शंभर पावलांवर असता त्याचा घोडा खाली कोसळतो. पुढे काय होते? नायक पायी पळत बंदर गाठतो, जहाज पकडतो, आणि आपण वाचकही त्याच्याबरोबर जहाजावर चढतो. रस्त्यावर पडलेल्या त्या घोड्याकडे मागे वळून कोणी पाहत नाही. आम्हीही पाहिले नव्हते. त्या मुलाच्या प्रश्नानंतर, इतक्या वर्षांनी, तो घोडा आमच्या डोळ्यांसमोर प्रथमच उभा राहिला, किंबहुना पडलेला दिसला.

आपल्या इकडील कथांतही हाच न्याय आहे. आमचे ग्वाल्हेरचे वाचक जाणतात की १८५८ च्या जून महिन्यात झाशीच्या राणी लक्ष्मीबाई त्यांच्या नगराजवळ धारातीर्थी पडल्या. लोकपरंपरा सांगते की त्या दिवशी राणीसाहेबांचा घोडा नवखा होता, तो ओढ्याशी अडला, उडी घेईना, आणि त्यातच घात झाला. आता पाहा, ज्या घोड्याने ओढा ओलांडला त्याचा हळदीघाटाजवळ चौथरा आहे, आणि ज्याने ओलांडला नाही त्यास पिढ्यान्‌पिढ्या बोल लावला जातो. गोळ्यांच्या वर्षावात बुजलेल्या त्या नवख्या जनावराची बाजू कोणी मांडली आहे काय? आमच्या ऐकिवात नाही.

घोड्याची बाजू घोड्याच्याच तोंडून मांडण्याचे काम ज्या पुस्तकाने जगभर पोहोचविले, ते एका अपंग स्त्रीने लिहिले. इंग्लंडमधील अ‍ॅना स्यूएल हिचा जन्म १८२० चा. चौदाव्या वर्षी पाय घसरून पडल्याने तिचे दोन्ही घोटे असे दुखावले की पुढे जन्मभर तिला धड चालता आले नाही. कोठे जावयाचे तर घोडागाडीतून. म्हणजे ज्याच्या पायांनी ती जगात फिरली तो घोडा होता, आणि त्याचे ऋण तिने फेडले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, दुखण्याने अंथरुणास खिळलेली असताना, कधी स्वतः कागदाच्या तुकड्यांवर लिहून तर कधी आईस सांगून तिने 'ब्लॅक ब्यूटी' पुरी केली. १८७७ च्या नोव्हेंबरात पुस्तक निघाले आणि पुढच्या एप्रिलात ती वारली.

त्या काळी श्रीमंतांच्या गाड्यांचे घोडे ऐटदार दिसावेत म्हणून त्यांची मान एका पट्ट्याने ताणून वर बांधीत. त्यामुळे घोड्यास मान खाली घालून ओझे नीट ओढता येत नसे, श्वास कोंडे आणि पाठ मोडे. अ‍ॅनाने हे दुःख घोड्याच्याच मुखाने सांगितले. पुढे त्या पट्ट्याविरुद्ध जी चळवळ झाली तिला या पुस्तकाने मोठे बळ दिले. असे सांगतात की अ‍ॅनाच्या अंत्ययात्रेच्या गाडीला जुंपलेल्या घोड्यांस तो पट्टा लावलेला पाहून तिच्या आईने तो तेथल्या तेथे सोडवावयास लावला.

त्याच पुस्तकात कॅप्टन नावाचा एक म्हातारा घोडा आहे. क्रिमियाच्या युद्धात त्याच्या पाठीवरचा स्वार गोळी लागून पडतो, आणि तो रिकाम्या खोगिरानिशी इतर घोड्यांबरोबर धावू पाहतो. ते युद्ध कशासाठी होते, असे तरुण घोडा विचारतो तेव्हा त्या म्हाताऱ्यास उत्तर देता येत नाही. आमच्या पाचवीतल्या मुलाचा प्रश्न सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच कोणीतरी विचारून ठेवला होता तर!

पुस्तकातून इतिहासाकडे वळावे तर हिशेब अधिकच जड होतो. १९१४ ते १९१८ च्या पहिल्या महायुद्धात सुमारे ८० लाख घोडे, खेचरे व गाढवे मेली, असा सर्वसाधारण अंदाज आहे. त्यांतील पुष्कळशी तोफगोळ्यांनी नव्हे, तर थंडी, चिखल, उपासमार आणि थकवा यांनी मेली. या युद्धाचा एक प्रसंग आपल्या लोकांच्या अभिमानाचा आहे. २३ सप्टेंबर १९१८ रोजी पॅलेस्टाईनमधील हैफा हे बंदर जोधपूर व म्हैसूर संस्थानांच्या भालाईत स्वारांनी तुर्कांकडून घोड्यावरून चाल करून जिंकले. हैदराबादचे स्वारही त्याच ब्रिगेडमध्ये होते, हे आमच्या हैदराबादच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. एका बाजूस कार्मेल पर्वत, म्हणजे जिच्या नावाची शाल आपण गळ्यात घालतो त्या कार्मेल मातेचा पर्वत, आणि दुसऱ्या बाजूस किशोन नदीची दलदल. मधल्या चिंचोळ्या वाटेने, समोरून मशीनगन सुरू असताना, हे घोडे दौडले. मेजर दलपतसिंह शेखावत यांनी तेथे देह ठेवला. ब्रिगेडमधील ८ जण मृत्यू पावले, ३४ जखमी झाले. आणि घोडे? ६० मेले, ८३ जखमी झाले.

या तीन संस्थानांच्या स्वारांचे स्मारक दिल्लीत आहे. १९२२ साली उभारलेली ती 'तीन मूर्ती' प्रसिद्धच आहे. तीन स्वार भाले घेऊन उभे आहेत. घोडा मात्र एकही नाही. शिल्पकारास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. वीरांचा मान वीरांस मिळालाच पाहिजे. परंतु माणसांच्या आठपटीजवळ घोडे जेथे पडले, तेथील स्मारकात त्यांस पाय ठेवण्यापुरतीही जागा नसावी, हे पाहून आम्हांस तो कॅलेच्या दरवाजाबाहेरचा घोडा पुन्हा आठवला.

जे वाचले त्यांचे तरी काय झाले? युद्ध संपल्यावर इंग्रजी फौजेने आपले हजारो घोडे मायदेशी न नेता इजिप्तमध्येच विकून टाकले. १९३० साली डोरोथी ब्रुक ही एका सेनाधिकाऱ्याची पत्नी कैरोस आली. तिला तेथे रस्त्यांवर व खाणींत हाडांचे सापळे झालेले हे जुने लढाऊ घोडे राबताना दिसले. तिने १९३१ मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्रास पत्र लिहिले, लोकांनी पैसे पाठविले, आणि तीन वर्षांत तिने सुमारे ५,००० घोडे विकत घेतले. त्यांतील बहुतेक इतके जर्जर झाले होते की त्यांस चार दिवस पोटभर चारा व विसावा देऊन, मग वेदनेतून सोडविणे एवढेच हाती उरले होते. १९३४ साली तिने कैरोत जनावरांचे मोफत रुग्णालय काढले. त्याचे काम आज अनेक देशांत चालते, आणि आपल्या भारतातही.

या बाईची एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. ज्या गरीब गाडीवानांकडे हे घोडे होते त्यांस तिने राक्षस ठरविले नाही. घोडा नेला तर त्याच्या घरची चूल विझेल, हे जाणून तिने प्रत्येकास पैसे मोजून दिले. जनावराची कणव आणि माणसाची कणव या दोन वेगळ्या गोष्टी तिने मानल्या नाहीत.

अलीकडच्या काळात हाच धागा मायकेल मॉर्पर्गो या इंग्रज लेखकाने १९८२ साली 'वॉर हॉर्स' या मुलांच्या कादंबरीत पुढे नेला. जोई नावाचा शेतावरचा घोडा सैन्यास विकला जातो. तो आधी इंग्रजांचे ओझे वाहतो, मग जर्मनांचे, आणि मध्यंतरी एका फ्रेंच मुलीचा लाडका होतो. त्यास तिन्ही भाषांतील माया सारखीच कळते. दोन सैन्यांमधल्या ओसाड भूमीत तो जखमी होऊन अडकतो, तेव्हा एक वेल्श आणि एक जर्मन शिपाई खंदकांतून बाहेर येतात, नाणे उडवून घोडा कोणी न्यावयाचा हे ठरवितात, आणि हात मिळवून परततात. या पुस्तकावर पुढे नाटक झाले, चित्रपटही निघाला.

घोड्याच्या तोंडी सारी गोष्ट घालावी की नाही, अशी शंका लेखकास होती. ती कशी फिटली, हे त्याने स्वतः अनेकदा सांगितले आहे. शहरातील मुलांना आठवडाभर शेतावर राहता यावे म्हणून तो व त्याची पत्नी डेव्हन परगण्यात एक संस्था चालवीत. तेथे एकदा अडखळत बोलणारा एक मुलगा आला. शाळेत तो तोंडच उघडीत नसे. त्यास प्रश्न विचारू नका, असे शिक्षकांनी बजावले होते. एका संध्याकाळी लेखक तबेल्याकडे गेला तो काय पाहतो? तोच मुलगा घोडीशी न अडखळता, भरभरून बोलत होता. आणि घोडी कान देऊन उभी होती. ती खरोखर ऐकत आहे, असे लेखकास वाटले, आणि त्याने लेखणी उचलली.

असो. आता आमच्या मुलाकडे येऊ.

त्या वर्गानंतर चार दिवसांनी त्याचे वडील कामानिमित्त आमच्याकडे आले. बोलता बोलता कळले की गेल्या गाळप हंगामात त्यांच्या टायरगाडीचा एक बैल चढावर गुडघ्यांवर आला. त्याचा खांदा आला होता. तरी हंगाम पुरा केला आणि मग त्यास बाजारात विकून टाकले. "काय करू फादर? दर टनावर मिळतो. उचल घेतली होती, ती फिटायला नको?" ते खाली पाहून म्हणाले. "पोरगं मात्र त्या दिवसापासून माझ्याशी नीट बोलत नाही."

आम्ही गप्प झालो. कारण तो चढ आमच्या चर्चसमोरचाच आहे. हंगामभर उसाच्या गाड्या तेथून जातात. चाबकाचा आवाज आमच्या खोलीत ऐकू येतो, आणि आम्ही कित्येकदा खिडकी लावून घेऊन प्रवचनाची तयारी केली आहे. तेव्हा दोष द्यावयाचा तर आधी स्वतःस.

मुलाचा प्रश्न घोड्याबद्दल नव्हताच, हे आम्हांस त्या दिवशी उमगले. म्हणून आम्ही बापलेकांस एका संध्याकाळी बोलावून कैरोच्या त्या बाईची गोष्ट सांगितली. गाडीवानास तिने पैसे मोजून दिले, तो भाग विशेषकरून. मुलगा बराच वेळ बापाच्या हाताकडे पाहत होता. मग त्याने विचारले, "बाबा, दुसऱ्या बैलाचा खांदा बरा आहे ना?" बापाने मान हलविली. एवढेच झाले, पण जाताना दोघे बोलत गेले.

आमच्या वाचकांस आमची विनंती मोठी नाही. मुलांस शौर्यकथा अवश्य सांगा. मात्र गोष्ट संपल्यावर क्षणभर थांबून त्यांस विचारा, "आता हीच गोष्ट घोडा कशी सांगेल?" उत्तरे ऐकून तुम्ही चकित व्हाल. दुसरे असे की, बेंदराच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांचे खांदे लोणी-हळदीने मळतात. ती खांदेमळणी वर्षातून एकदाच करावी असा कोठेही नियम नाही. आणि यंदा हंगाम सुरू होण्यापूर्वी, आमच्या चढावरून एका खेपेस किती ऊस न्यावा, अडलेल्या गाडीस हात कोणी लावावा, आणि ज्याची उचल फिटत नाही त्यास पतपेढीतून काय मदत करता येईल, याचा विचार करण्यास आम्ही गाडीवानांची बैठक बोलाविणार आहोत. त्या बैठकीस मुलांनीही यावे.

कारण घोडा कोणाच्या बाजूचा होता, या प्रश्नाचे उत्तर आम्हांस अजूनही येत नाही. त्याला कोणी विचारले नव्हते, हे त्या मुलाचे म्हणणे खरेच आहे. आपण कोणाच्या बाजूचे, एवढे मात्र आपणांस विचारता येते. आमच्या खोलीची खिडकी या हंगामात उघडी राहील.