शोभेची कुंडी, पण नजर शेतकऱ्याचीच हवी



मागच्या पावसाळ्यात पोरीनं हौसेनं चायना संत्रीची कुंडी आणली. पुस्तकी नाव कॅलामोंडिन, संत्रा आणि कुमक्वाटचा संकर. कुंडीतही भरपूर लागते. फळ लहान, केशरी अन् आंबट, लिंबासारखं पिळता येतं. असोद्यात जो तो बघायला यायचा.

मी मात्र त्या झाडाकडं कधी निरखून पाहिलं नाही. कपाशीचं पान उलटून बघणारा माणूस मी, पण कुंडी म्हणजे शोभा, असं धरून चाललो. तिथंच चुकलो.

थंडी सरता सरता नवतीवर बारीक तपकिरी किडे दिसले, शेपटाकडून वर उचललेले. पिल्लांच्या अंगातून पांढरे मेणाचे धागे. हा सायला. ग्रीनिंग रोग हाच पसरवतो. पानांवर पिवळे चट्टेही होते. जस्त कमी पडलं तर शिरेच्या दोन्ही बाजूला सारखाच पिवळेपणा येतो. इथं एका बाजूला वेगळा, दुसऱ्या बाजूला वेगळा. खात्री प्रयोगशाळेतच होते, हे मला मान्य. पण घरामागं माझी ३५ लिंबाची झाडं आहेत आणि ग्रीनिंगवर औषध नाही. आधी कुंडीवर फवारणी केली, म्हणजे किडे उडून लिंबावर जायला नकोत. मग झाड उपटून जाळलं. पोरगी दोन दिवस बोलली नाही.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात सायला १९९८ मध्ये सापडला. पुढं तो पसरला, त्यात विक्रीला गेलेल्या कुंतीच्या कुंड्यांचाही हात होता. २००५ मध्ये ग्रीनिंग सापडला. २००३-०४ ला तिथं २४ कोटी पेट्या संत्री निघायची, २०२४-२५ ला सव्वा कोटीच्या आसपास आली. रोग एकटा कारण नाही, वादळंही झाली, पण कंबरडं मोडलं ते रोगानं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हौस करा, पण लिंबूवर्गीय रोप आणलं की महिना-दोन महिने बागेपासून लांब ठेवा. पिवळा चिकट सापळा लावा. प्रत्येक नवती उलटून बघा. दारातला कढीपत्ता आणि कुंतीही बघा, सायला तिथंही राहतो.

ग्रीनिंगची लक्षणं दिसायला कित्येक महिने, कधी वर्षंही जातात. माझी ३५ झाडं आज हिरवी आहेत. तरी रोज सकाळी नवती बघूनच चहा घेतो.