बुडीनंतरची तीस सेकंदं

शुद्ध जाण्याआधी काहीतरी कळेलच, छातीत घुसमट होईल, डोळ्यांपुढे अंधारी येईल आणि आपण वेळेत वर येऊ, अशी अनेक कसलेल्या पाणबुड्यांची मनोमन खात्री असते. ब्लॅकआउटमधून वाचलेल्यांशी बोललं की वेगळंच ऐकू येतं. बुडी मस्त चालली होती, वर येत होतो आणि मग एकदम बोटीवर जाग आली. काहींना तर आपली शुद्ध हरपली होती हेच पटत नाही. साथीदाराशी हुज्जत घालतात.

यात नवल नाही. श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन संपत आला म्हणून नव्हे, कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. बुडीआधी भराभर मोठे श्वास घेतले की हा साठा उतरतो आणि श्वासाची तलफ लांबते. रक्तातला ऑक्सिजन मात्र फारसा वाढत नाही, कारण ते आधीच 97-98 टक्के भरलेलं असतं. म्हणजे गजर बंद केला, शिदोरी तेवढीच राहिली. अमेरिकेतल्या अल्बर्ट क्रेग यांनी पाण्याखाली पोहताना शुद्ध हरपण्याचं हे कारण 1961 मध्येच मांडलं होतं. तरीही आपल्या तरणतलावांवर एका दमात पाण्याखालून किती लांब जातोस याच्या पैजा लागतात आणि काठावरचा कुणी जाणकार ‘आधी दहा मोठे श्वास घे’ असा सल्ला देतो. तलावावर काम करणाऱ्या वाचकांना आमचं सांगणं एवढंच की अशी पैज दिसली की ती तिथल्या तिथे मोडा. वाईटपणा येईल, तो घ्या.

खोल पाण्यात याच्यावर दाबाचा खेळ चढतो. 20 मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. समजा, तिथे फुप्फुसातल्या ऑक्सिजनचा आंशिक दाब 100 मिलिमीटर आहे, म्हणजे काठावर निवांत बसलेल्या माणसाइतका. मेंदूला सगळं आलबेल वाटतं. आता वर येताना शरीराने काहीही वापरलं नाही असं धरलं, तरी पृष्ठभागाशी तो आकडा 33 च्या आसपास येतो. शुद्ध जाते ती साधारण 30 च्या घरात. प्रत्यक्षात वर येताना पाय जोरात चाललेले असतात, ऑक्सिजन खर्च होतच असतो. शेवटच्या 10 मीटरमध्ये दाब निम्मा होतो. त्याआधीच्या कुठल्याही 10 मीटरमध्ये त्या प्रमाणात एवढी घसरण नाही. म्हणून बहुतेकांची शुद्ध तळाशी जात नाही. ती पृष्ठभागाजवळ जाते, किंवा डोकं बाहेर काढल्यावर. पहिला श्वास घेतला तरी त्यातला ऑक्सिजन मेंदूपर्यंत पोहोचायला काही सेकंद लागतात आणि त्याच सेकंदांत माणूस हसत अंगठा दाखवून पाण्यात कलंडतो. वर येताच ‘हुश्श’ करून छाती रिकामी करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

स्पर्धांमध्ये ब्लॅकआउट होतात, नियमित होतात. पण तिथे दोर असतो, दोराला जोडलेला पट्टा असतो, शेवटच्या टप्प्यात सोबत येणारे सुरक्षा-पाणबुडे असतात आणि वर आल्यावर 15 सेकंदांत मास्क काढून, खूण करून ‘मी ठीक आहे’ असं म्हणून दाखवावं लागतं. 2013 च्या नोव्हेंबरमध्ये बहामातल्या डीन्स ब्लू होलमध्ये निकोलस मेवोली गेला, तो आंतरराष्ट्रीय स्पर्धेतला पहिला मृत्यू मानला जातो, आणि तिथेही मूळ इजा फुप्फुसांना झाली होती. याउलट 41 जागतिक विक्रम नावावर असलेली नतालिया मोल्चानोवा 2015 च्या ऑगस्टमध्ये स्पेनच्या फोर्मेंतेरा बेटाजवळ बेपत्ता झाली, तेव्हा स्पर्धा नव्हती. 30-40 मीटरची बुडी होती, तिच्या दृष्टीने किरकोळ. ती सापडलीच नाही. तिला नेमकं काय झालं यावर आम्ही तर्क लढवणार नाही. पण शुद्ध हरपलेला माणूस दिसला तर बहुधा वाचतो आणि न दिसला तर बुडतो, हा फरक आम्हाला शरीरशास्त्राच्या सगळ्या आकडेमोडीपेक्षा मोठा वाटतो.

स्पिअरफिशिंग करणाऱ्यांची गत इथेच बिकट होते. फ्रीडायव्हरचं लक्ष स्वतःच्या शरीराकडे असतं, शिकाऱ्याचं माशाकडे. कपारीत हेकरू दिसला की आणखी पाच सेकंद थांबावंसं वाटतं. भाला लागलेला मासा फटीत अडकून बसला, तर धाप पुरती ओसरण्याआधीच दुसरी बुडी मारली जाते. खालच्या वेळेच्या किमान दुप्पट वेळ वर विश्रांती, हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण मासा हातचा जात असताना घड्याळ बघतो कोण? त्यात तळाशी दबा धरून पडता यावं म्हणून कमरेला शिसं जास्त बांधलेलं असतं. शुद्ध गेली की तेच शिसं माणसाला खाली नेतं. पट्टा सोडता येतो हे खरं, पण सोडणारा शुद्धीवर असावा लागतो. श्वास सोडल्यावरही पृष्ठभागाशी तरंगता येईल इतकंच वजन बांधावं. त्याने शिकार कमी मिळेल, मिळू दे.

आणि दोघं मिळून पाण्यात उतरतात, म्हणजे काय करतात? एक या खडकावर, दुसरा त्या खडकावर. याला आम्ही जोडी मानत नाही. दोघांत एकच गन असावी, एक खाली तेव्हा दुसरा वर, आणि खालचा वर आल्यानंतर पूर्ण तीस सेकंद वरच्याने त्याच्या चेहऱ्यावरून नजर काढू नये, माशाकडेही नाही. आपल्या कोकण किनाऱ्यावर याला आणखी एक अट जोडावी लागते. सिंधुदुर्गात नोव्हेंबरनंतर पाणी निवळतं, तरी ते भूमध्य समुद्रासारखं नसतं. वरून साथीदार दिसत नसेल, तर त्या दिवशीची खोली तिथेच संपली. अंगात 20 मीटरचा दम असला तरी 6 मीटरच दिसत असतील, तर 6 मीटरच.

शुद्ध गेलीच तर नाक-तोंड बंद धरून वर आणणं, चेहरा पाण्याबाहेर ठेवणं, मास्क काढणं, डोळ्यांखाली फुंकर, गालावर थाप, नावाने हाक, आणि दहा सेकंदांत श्वास सुरू झाला नाही तर तोंडाने श्वास देणं. सुरुवातीला घसा आपोआप आवळला जातो, त्यामुळे पाणी लगेच आत शिरत नाही. तेवढीच काय ती सवड. हे वाचून येत नाही. जोडीने, उथळ पाण्यात, पुन्हा पुन्हा करून येतं, आणि हंगामाच्या सुरुवातीला नव्याने करावं लागतं.

या अंकापासून ‘वाचकांच्या बुड्या’ या सदरात एक बदल करत आहोत. खोली किंवा वेळ कळवताना वर कोण होतं, त्या साथीदाराचं नावही कळवावं. ते बुडी मारणाऱ्याच्या नावाशेजारी त्याच टायपात छापू. ज्या नोंदीसोबत दुसरं नाव नसेल, ती कितीही मोठी असली तरी छापली जाणार नाही. मागच्या महिन्यात आलेल्या काही नोंदी याच कारणाने परत पाठवल्या आहेत.