आकाशातले लोखंड आणि आपली नोंदवही

गेल्या मे महिन्यात आमच्या बाळकुममध्ये एका बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर नव्या इमारतीचा पाया खणला जात होता. बाहेर टाकलेल्या मातीच्या ढिगात मला नारळाएवढा एक काळाकुट्ट, जड गोळा सापडला. लोहचुंबक त्याला चिकटत होता. मी इतिहासाचा विद्यार्थी; तरी मोबाईलवर चार चित्रे पाहून त्याच रात्री मी ठरवून टाकले, की हा आकाशातून पडलेला लोखंडाचा दगड, म्हणजे लोह-अशनी आहे. असे तुकडे ग्रॅमच्या भावाने विकले जातात, हेही वाचनात आले. मग काय, गोळा वाण्याच्या काट्यावर घालून आणला. साडेतीन किलो भरला. पुढच्या वर्षाची फी, बहिणीचा क्लास, गळके छप्पर असे सगळे हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडून झाले.

बाबांना मात्र तो आठ दिवस दाखवला नाही. त्यांना यातले काय कळणार, असे मला वाटले होते. हे लिहिताना लाज वाटते. बाबा सातवीपर्यंत शिकलेले आणि बावीस वर्षे बिडाच्या ओतकामात राबलेले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला, त्याचा हा ताठा. शेवटी त्यांनीच कॉटखालून गोळा ओढून काढला, उलटा केला, एका भोकात नख घालून पाहिले आणि म्हणाले, "ही कीट हाय रे. भट्टीतल्या लोखंडावरची मळी. असली किती काढून टाकलीय आम्ही."

बाबांचे अगदी बरोबर होते. मळी निवताना तिच्यात वायूचे बुडबुडे अडकतात, म्हणून तिला भोके असतात. लोह-अशनीत अशी भोके सहसा नसतात. त्याच्या पृष्ठभागावर ओल्या मातीत अंगठा दाबावा तसे खळगे दिसतात, आणि नुकता पडलेला असेल तर त्यावर पातळ काळी साय असते. चुंबक चिकटला एवढ्यावर काहीच ठरत नाही. तो कीटालाही चिकटतो. शिवाय त्या आकाराचा खरा लोह-अशनी माझ्या गोळ्याच्या दुपटीहून जड भरला असता. खरी खूण असते पोटात. अशा अशनीत लोखंडाबरोबर निकेल असते, साधारणपणे ५ टक्क्यांच्या वर. तो कापून, घासून त्यावर सौम्य नायट्रिक अम्ल लावले, की बहुतेकांत एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांची जाळी उमटते. तिला विडमानस्टेटन आकृती म्हणतात. एखाद्या लघुग्रहाच्या पोटातले लोखंड दहा लाख वर्षांत काही अंश किंवा काही शे अंश इतक्या संथपणे निवले, तेव्हा ही जाळी तयार झाली. बाबांच्या कारखान्यातला ओतीव माल रेतीच्या साच्यात निवायला रात्रभर लागे, आणि त्यालाही ते "घाई करू नये" म्हणत. त्यांना मी हा दहा लाख वर्षांचा आकडा सांगितला तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले.

आता या लेखातले माझे म्हणणे. आपल्याकडे अशनीविषयी कुतूहल वाढले आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण ते कुतूहल दोनच वाटांनी जाते: एक बाजाराची, दुसरी ग्रहपीडेच्या अंगठीची. तुकडा कुठे सापडला, केव्हा, कोणाला, याची नोंद कोणी मागत नाही. इतिहासाच्या तासाला आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितले जाते, की ताम्रपट मूळ जागेवरून उचलून विकला, की त्याचा निम्मा अर्थ नाहीसा होतो. अशनीचेही तेच आहे. तोही एक दस्तऐवज आहे, आपल्या सर्व बखरींहून जुना.

किती जुना, तेही अशनींनीच सांगितले. १९५६ साली क्लेअर पॅटरसन यांनी पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे ठरविले. त्यासाठी अमेरिकेतल्या कॅन्यन डायब्लो या लोह-अशनीतल्या शिशाचे मोजमाप उपयोगी पडले. आपल्या कोडाईकनालला १८९८ मध्ये सापडलेला लोह-अशनी तर शास्त्रज्ञांना कोड्यात टाकणारा निघाला: त्याचे वय बहुतेक अशनींपेक्षा सुमारे ८० कोटी वर्षांनी कमी, ३७० कोटींच्या आसपास येते. कोणी तो फोडून पहारी केल्या असत्या तर हा प्रश्नच उभा राहिला नसता.

पहारी नाही, पण तलवारी झाल्याच आहेत. १६२१ मध्ये जालंधर भागात अशनी पडला. जहांगीर बादशहाने तो मागवून वजन करविले, १६० तोळे. आणि उस्ताद दाऊदला शस्त्रे घडवायला दिला. नुसते ते लोखंड हातोड्याखाली टिकेना, म्हणून तीन भागांत एक भाग साधे लोखंड मिसळावे लागले. त्यातला सुरा आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. अशनी गेला याचे वाईट वाटते. पण जागा, वेळ, वजन, कारागिराचे नाव हे सारे बादशहाने आत्मचरित्रात लिहून ठेवले, म्हणून चारशे वर्षांनी बाळकुमच्या पोराला ते ठाऊक आहे.

आपल्या महाराष्ट्रात २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोल परिसरात अशनींचा वर्षाव झाला. ते लोखंडाचे नव्हेत, दगडी. पडणाऱ्या अशनींत निव्वळ लोखंडाचे शंभरात पाचेकच असतात. काटोलचे तुकडे गोळा झाले, त्यांची नोंद झाली, आणि पुढे खरगपूरच्या आय.आय.टी.तील संशोधकांना त्यात ब्रिजमनाइट हे खनिज सापडले. पृथ्वीच्या पोटात ६६० किलोमीटरखाली जे विपुल आहे, पण आपल्या हाती लागत नाही, ते हे खनिज. याउलट २ एप्रिल २०२२ ला, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात आकाशातून लोखंडी कडे पडले. उल्का, उल्का म्हणून ओरड झाली. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असे तज्ज्ञांनी सांगितले. गावकऱ्यांनी ते भंगारात घातले नाही, हे महत्त्वाचे.

विज्ञान शाखेतला माझा एक मित्र म्हणतो, की पैसे मिळतात म्हणूनच लोक अशनी शोधतात; बाजार बंद केला तर ते शेताच्या बांधात पडून गंजतील. यात तथ्य आहे. साडेतीन किलोंचा हिशेब मांडलेल्या माणसाने बाजाराला नावे ठेवू नयेत, हेही खरे. पण मग दुसरा मार्ग काढायला हवा. भारतात सापडलेल्या अशनींचे जतन व अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण करते. ज्या शेतकऱ्याने किंवा मजुराने तुकडा आणून दिला, त्याला लेखी पावती, थोडा मोबदला, आणि संग्रहातल्या चिठ्ठीवर त्याचे नाव मिळावे, असे मला वाटते. शास्त्रज्ञाचे नाव शोधनिबंधावर येते. ज्याने वाकून दगड उचलला त्याचे कुठेच येत नाही.

दूर कशाला, आपल्याच भूगोल विभागाच्या काचेच्या कपाटात बावीस दगड आहेत. मी मोजले. त्यांतल्या नऊंखालीच चिठ्ठी आहे, आणि दोन चिठ्ठ्यांवरची शाई उडाली आहे. सरांची परवानगी मिळाली तर दिवाळीच्या सुट्टीत उरलेल्यांची विचारपूस करून नव्या चिठ्ठ्या लिहायला मी आणि माझे दोन मित्र तयार आहोत. माझा गोळाही तिथे ठेवावा अशी विनंती आहे. त्याची चिठ्ठी लिहून झाली आहे: लोखंडाची कीट, बाळकुम, मे महिना, आणि "ओळखणारे" या शब्दापुढे बाबांचे पूर्ण नाव.