पंखा बंद करून बिल वाचत नाही

मंगळवेढ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा विजेचे बिलही चढते आणि घरोघरी पहिली कात्री लागते ती पंख्याला. वडीलधारी माणसे तर ‘मला नाही उकडत’ म्हणत स्वतःच बटण बंद करतात. वयाबरोबर तहान आणि उष्म्याची जाणीव मंदावते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी अंगातले पाणी आणखी कमी होते. अशा माणसाने रात्रभर उकाड्यात पडून राहणे म्हणजे आजाराला बोलावणे.

हिशेब मांडून पाहा. ७५ वॅटचा पंखा रात्री ८ तास फिरला तर ०.६ युनिट वीज लागते. २००० वॅटचा गिझर तेवढीच वीज १८ मिनिटांत खातो. काटकसर करायची ती तिथे. पंखेही बदलता येतात. बीएलडीसी पंख्याला सुमारे ३० वॅट पुरतात. रोज १२ तास चालणारे तीन जुने पंखे बदलले तर महिन्याला ४८ युनिट वाचतात. महावितरणच्या दरात १०० युनिटांपुढे प्रतियुनिट आकार जवळपास दुप्पट होतो. म्हणजे जास्त वापराच्या घरात वाचतात ती महागडी युनिटे.

दुसरा प्रश्न वेळेचा. सौर वीज दिवसा मुबलक असते. सूर्य मावळला की भार मुख्यतः कोळशावर जातो. म्हणूनच १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रतियुनिट ८० पैशांपासून सवलत सुरू झाली. पाण्याची मोटार, वॉशिंग मशीन, इस्त्री याच वेळेत उरकावी.

छत स्वतःचे असेल तर फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट व त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान आहे. १ किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी ४ युनिटे देतो. मात्र बॅटरी नसलेला संच बाहेरची वीज गेली की बंद पडतो. घरात इन्सुलिन असेल तर हे लक्षात ठेवा आणि बचतीसाठी फ्रीज कधीही बंद करू नका.

एक सावधगिरी. खोलीतील हवा ४० अंशांवर गेली की नुसता पंखा अंग गार करत नाही, उलट तापवतो. तेव्हा ओल्या फडक्याने अंग पुसावे, पाणी घोट घोट प्यावे, गार जागी बसावे.

उपकरणांवरचे वॅट वाचून वहीत मांडा. कात्री कुठे लावायची ते आकडेच सांगतील. आजीच्या उशाचा पंखा त्या यादीत शेवटी येईल.