एक जोडी, मिरची बेताची

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, खर्च किती आला? आणि दुसरा, खाण्यापिण्याचे फार हाल झाले असतील, नाही? पहिल्याचं उत्तर मी देत नाही. दुसऱ्यासाठी मात्र आज मांडी ठोकून बसलो आहे.

आम्ही उभयता मॉरिशसला गेलो होतो. निघताना सौ.ने चिवडा, मेतकूट आणि भडंग अशी काही बांधाबांध केली की कुणाला वाटावं, मंडळी दुष्काळी भागात चालली आहेत. तिथं हॉटेलवाल्याने आमची तोंडं पाहून रोज सकाळी इडली-सांबार मांडायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी सौ. म्हणाली, “इडली खायला समुद्र कशाला ओलांडायचा? माटुंगा काय वाईट होतं?”

परदेशात ‘चांगलं खायला कुठं मिळतं?’ असं कुणाला कधी विचारू नये. त्याचं उत्तर आपले कपडे पाहून मिळतं. ‘तुम्ही स्वतः दुपारी कुठं खाता?’ असं विचारावं. मी आमच्या टॅक्सीवाल्याला हेच विचारलं. पन्नाशीचा गृहस्थ, पणजोबा रत्नागिरीकडचे. गणपतीची आरती याला तोंडपाठ, पण ‘पाणी द्या’ म्हणायला मराठी शब्द नाहीत. आमचं संभाषण चालायचं ते अर्ध्या हिंदीत आणि अर्ध्या इंग्रजीत. तो आधी हसला. पाहुण्यांना असल्या ठिकाणी न्यायचं म्हणजे त्याला जरा संकोच वाटत असावा. पण नेलं.

पोर्ट लुईच्या बाजाराजवळ एक काचेची पेटी. आत फडक्याखाली पिवळसर पोळ्यांची चळत. समोर रांग: टाय लावलेले कारकून, शाळेची मुलं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका. पाटीवरच्या रोमन अक्षरांवरून मी ‘ढोल पुरी’ असं वाचलं. ती निघाली डाळपुरी. तिथं एक कुणी मागत नाही. जोडीच घ्यायची. पोळीवर पोळी ठेवून त्यावर मोठ्या पांढऱ्या पावट्यांची दाटसर उसळ, टोमॅटोची ‘रुगाय’, कोथिंबिरीची चटणी आणि सोसेल तेवढी मिरची. गुंडाळी करून कागदात दिली की उभ्या उभ्या खायची. कोथिंबिरीला तिथं म्हणतात ‘कोतोमिली’, म्हणजे शब्द तमिळ, टोमॅटोच्या रश्श्याचं नाव फ्रेंच वळणाचं, पोळी बिहारची, आणि पैसे द्यायचे रुपयांत!

चव? पहिल्या घासाला काही कळलंच नाही, कारण चटणी मनगटावरून कोपराकडे निघाली होती. दुसऱ्याला कळली. पोळी इतकी मऊ की दातांना काम नाही, आणि मध्येच भाजक्या जिऱ्याचा वास.

सौ.चं लक्ष मात्र खाण्यापेक्षा कृतीकडे. चण्याची डाळ शिजवून, वाटून, हळद-जिरं घालून मैद्याच्या पारीत भरायची, पातळ लाटून तेलाच्या हातावर तव्यावर भाजायची, इथवर तिला नुसतं पाहून समजलं. मग तिने पेटीमागच्या बाईंना एकच प्रश्न विचारला: “डाळीचं वरचं पाणी कुठं जातं?” टॅक्सीवाल्याने तो क्रिओलमध्ये सांगितला. बाई म्हणाल्या, त्यातच पीठ भिजवायचं. सौ. माझ्याकडे वळून म्हणाली, “बघा! आपण त्या कटाची आमटी करतो. इतकी वर्षं हे सुचलं नाही.”

इतक्यात टॅक्सीवाल्याने विचारलं, “तांतीन, तुमच्या रत्नागिरीकडे हीच करतात ना? पणजोबांनी आणली ती?” तांतीन म्हणजे मावशी.

मी सौ.च्या पायावर हळूच पाय दिला. गोष्ट अशी की, 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अॅटलस’ जहाजातून छत्तीस मजूर या बंदरात उतरले, आणि पुढे 1920 पर्यंत लाखो आले, उसाच्या मळ्यांत राबायला. ते उतरत तो आप्रवासी घाट तिथून जवळच आहे. त्यांत बहुसंख्य बिहारकडचे, डाळपुरी त्यांची. मुंबई बंदरातून आलेले आपले लोक थोडे. पण हा भला माणूस आयुष्यभर तिच्यात पणजोबांचं गाव चाखत आलेला. कशाला त्याच्या तोंडचा घास काढा?

पण सौ.ला खोटं बोलता येत नाही. विशेषतः स्वयंपाकाच्या बाबतीत. ती म्हणाली, “नाही हो. आमच्याकडे ह्याच डाळीत गूळ घालतात. पुरणपोळी म्हणतात तिला. होळीला करतो. उसळीबरोबर नाही, तुपाबरोबर खायची.”

तो गप्प झाला. हातातला कागद त्याने चार वेळा दुमडला. मला सौ.चा रागच आला.

मग तो म्हणाला, “आजी होळीला एक करायची, साखर घालून. फक्त तीच करायची. आम्हांला वाटायचं, तिला गोड फार आवडतं.”

सौ. काही बोलली नाही. तिने पर्स उघडली, पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली, आणि आणखी तीन जोड्या घेऊन आली. हॉटेलातलं दुपारचं जेवण त्या दिवशी आम्ही बुडवलं.