पहिल्याच दिवशी निकाल लावू नका

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे बारा झालेले असतात, आणि टेलर स्विफ्टचा नवा अल्बम त्याच क्षणी जगभर ऐकायला मिळतो. त्या दिवशी ‘द लाइफ ऑफ अ शोगर्ल’ आला. तिचा बारावा अल्बम, बारा गाणी, जेमतेम बेचाळीस मिनिटांचा ऐवज. पावणेदहाला पुण्याहून भाचीचा फोन आला. आवाज पडलेला होता. “मावशी, संपलं गं सगळं. पुढे जायचं सोडून ती मागे गेली. सगळे तेच म्हणतायत.”

मी विचारलं, “किती गाणी ऐकलीस?”

“चार.”

एकोणीस वर्षांच्या कामाचा निकाल चार गाण्यांवर लागला होता, आणि तोही अर्धा दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेला. भाचीला मी दोष देत नाही. शाळेत असल्यापासून ती या बाईची गाणी जीव लावून ऐकत आली आहे, म्हणूनच तिला इतकं लागलं. पण त्या दिवसापासून एक गोष्ट सांगावीशी वाटते आहे. तिला, तिच्या मैत्रिणींना, आणि ‘हे काय गाणं म्हणायचं का’ असं दारातूनच म्हणून निघून जाणाऱ्या त्यांच्या आईवडिलांनाही. कलाकार वाढला की खुंटला हे इतक्या घाईने ठरवू नका. आणि ते ठरवायचं काम दुसऱ्या कुणाकडे सोपवूही नका, मग तो समीक्षक असो की चाहत्यांचा जमाव.

समीक्षकांचं आधी बघू. २०१० साली ‘फिअरलेस’ला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं तेव्हा टेलर वीस वर्षांची होती. त्याच सोहळ्यातलं तिचं गाणं कच्चं झालं आणि त्यावरून तिच्यावर झोड उठली. बरोबरीने आणखी एक शंका हवेत होती: ही पोर स्वतः लिहिते, की सोबतचे अनुभवी गीतकार लिहून देतात? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘स्पीक नाऊ’ आला. त्यातली मूळ चौदाच्या चौदा गाणी तिने एकटीने लिहिली होती, सहगीतकार म्हणून एकाचंही नाव नव्हतं. शंका तिथेच मिटायला हवी होती. पण जानेवारी २०२२ मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी, डेमन अल्बार्न या नावाजलेल्या ब्रिटिश संगीतकाराने मुलाखतीत तेच म्हटलं, की ती आपली गाणी स्वतः लिहीत नाही. तिने जाहीरपणे उत्तर दिलं, त्याने माफी मागितली. एवढं ठसठशीत काम समोर असताना एक जाणता संगीतकारही ऐकीव मतावर चालला, तर आपण किती सावध असायला हवं, विचार करा.

दुसरा प्रसंग मला जास्त बोलका वाटतो. २०१४ मध्ये ‘१९८९’ आला. कंट्री संगीताची वाट सोडून हा सरळ पॉप अल्बम आहे, असं तिने स्वतःच जाहीर केलं होतं. अमेरिकेतल्या ‘पिचफोर्क’ या वजनदार संगीतपत्राने त्याचं परीक्षण केलं नाही. पुढच्या वर्षी रायन ॲडम्स या गिटारवाल्या गायकाने तोच अल्बम, तीच गाणी, आपल्या भरड आवाजात पहिल्यापासून शेवटपर्यंत गाऊन काढली, आणि त्याचं परीक्षण मात्र पिचफोर्कने छापलं. गुण कमीच दिले, दहापैकी चार, पण दखल घेतली. त्याच्या गळ्यातून ऐकल्यावर ही गाणी किती चांगली लिहिलेली आहेत ते कळलं, असं म्हणणारेही तेव्हा होते. मग ऑगस्ट २०१९ मध्ये पिचफोर्कने मागे वळून तिच्या पहिल्या पाच अल्बमांची परीक्षणं एकाच दिवशी छापली. ‘रेड’ला दहापैकी नऊ गुण मिळाले, तो येऊन सात वर्षं होत आली होती तेव्हा. सात वर्षांत त्या गाण्यांतला एक शब्द बदलला नव्हता. ऐकणाऱ्यांचे कान बदलले होते. शाळकरी मुली ज्यासाठी वेड्या होतात ते उथळच असणार, हा समज सैल पडायला एवढा काळ गेला.

म्हणून ‘परिपक्व’ हा शब्द परीक्षणात दिसला की जरा थांबा. जुलै २०२० मध्ये, महासाथीच्या पहिल्या वर्षी, ‘फोकलोर’ आला. घोषणा झाली आणि चोवीस तासांच्या आत अल्बम बाहेर. जंगलातला कृष्णधवल फोटो, पियानो, गिटार, खालच्या पट्टीतला आवाज, ‘द नॅशनल’ या बँडच्या ॲरन डेसनरची साथ. सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, ती आता परिपक्व झाली. त्यातल्या तीन गाण्यांत एकाच प्रेमाच्या त्रिकोणातली तीन माणसं आपापली बाजू सांगतात, याचं फार कौतुक झालं. ते रास्तच होतं. माझाही तो अतिशय आवडता अल्बम आहे. पण २००६ च्या पहिल्या अल्बममध्ये सोळा वर्षांच्या टेलरने लहानपणापासून म्हातारपणापर्यंत एकत्र राहिलेल्या शेजारच्या जोडप्याची गोष्ट त्या बाईच्या तोंडून सांगितलीच होती. दुसऱ्याच्या आयुष्यात शिरून गाणं लिहिण्याची ताकद तिच्याकडे पहिल्या दिवसापासून होती. २०२० मध्ये ती ताकद समीक्षकांच्या आवडत्या कपड्यांत आली, म्हणून ओळखू आली. संथ, उदास आणि कमी वाद्यांचं ते प्रौढ, नाचायला लावणारं ते पोरकट, हे समीकरण मनातून काढून टाका. नाचायला लावणारी चाल बांधणं सोपं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एक बांधून बघावी.

इथे आपल्याकडची एक गोष्ट कामाला येते. संगीतकार यशवंत देवांच्या पुस्तकाचं नाव ‘शब्दप्रधान गायकी’ आहे. भावगीत कसं ऐकायचं हे मराठी माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. शब्द कुठे तोडला, कुठे श्वास घेतला, अंतऱ्याने मुखड्याचा अर्थ कसा फिरवला, हे आपण नकळत टिपतो. टेलरच्या गाण्यांना हाच कान लावा. पाश्चात्त्य गाण्यात उत्तरार्धाकडे एक तुकडा येतो, तिथे चाल आणि शब्द दोन्ही एकदम वळण घेतात. त्याला ब्रिज म्हणतात. तिची खरी कारागिरी पुष्कळदा तिथे असते. ‘क्रुएल समर’ हे गाणं २०१९ च्या ‘लव्हर’मधलं. अल्बम आला तेव्हा ते वेगळं काढून पुढे आणलं गेलं नाही, ‘मी!’ नावाचं दुसरंच गाणं आधी आलं, आणि त्यावर टीका झाली. पण चाहते ‘क्रुएल समर’चा ब्रिज धरून बसले होते. २०२३ मध्ये तिचा ‘एराज’ दौरा सुरू झाला आणि प्रत्येक मैदानात हजारो गळे तो तुकडा एकसुरात गाऊ लागले. शेवटी त्या ऑक्टोबरमध्ये ते गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, आल्यापासून चार वर्षांनी. तिथे चाहत्यांचा कान खरा ठरला, आणि ते मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे.

मात्र चाहत्यांनाही मला काही सांगायचं आहे, आणि ते जरा कडक आहे.

‘फोकलोर’चं पिचफोर्कमधलं परीक्षण कौतुकाचं होतं, दहापैकी आठ गुण. पण आठ का, जास्त का नाहीत, यामुळे सगळ्या परीक्षणांची सरासरी घसरली, एवढ्यावरून ते लिहिणाऱ्या बाईचा पत्ता आणि फोन नंबर लोकांनी उघड केला, तिला रात्री-अपरात्री फोन आले. एप्रिल २०२४ मध्ये ‘द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट’ आला तेव्हा ‘पेस्ट’ या मासिकाने आपलं परीक्षण लेखकाच्या नावाशिवाय छापलं. त्यांनी कारण सांगितलं: २०१९ मध्ये ‘लव्हर’चं परीक्षण लिहिणाऱ्याला हिंसेच्या धमक्या आल्या होत्या. गाण्याबद्दल लिहिणाऱ्या माणसाला नाव लपवावं लागावं, ही त्या गाण्यांवर प्रेम करणाऱ्यांसाठी शरमेची गोष्ट आहे. यात तुमचा हात नसेल. पण असा धमकावणारा मजकूर तुम्ही कधी हसून पुढे पाठवला असेल, तर यापुढे पाठवू नका. आणि आपल्या आवडत्या गायिकेचं एखादं गाणं फसलं असं वाटलं, तर ते उघड म्हणा. जो प्रत्येक गाण्याला थोर म्हणतो, त्याने खरोखर थोर गाण्याला थोर म्हटलं तरी त्या शब्दाला वजन कुठून येणार?

त्या ‘टॉर्चर्ड पोएट्स’चंच बघा. आधी सोळा गाणी आली, दोन तासांनी आणखी पंधरा. एकूण एकतीस गाणी, दोन तासांचं ऐकणं. आणि पहिल्याच दिवशी परीक्षणं आली. पसरट आहे, संपादक हवा होता, असं बऱ्याच जणांनी लिहिलं. मला आजही त्यात तथ्य वाटतं. पण मी ते म्हणते आहे ते तो अल्बम पुष्कळ दिवस ऐकल्यावर, आणि त्यातली पाच-सहा गाणी आता माझ्या रोजच्या ऐकण्यात आहेत, हेही तितकंच खरं आहे. पहिल्या दिवशी मी त्यांच्यावरून तशीच पुढे गेले होते.

‘रेप्युटेशन’ (२०१७) बद्दल माझी मोठी चूक झाली, ती इथे सांगते. त्यातलं पहिलं गाणं ऐकलं, रागाचं, सूडाचं, आदळआपट करणारं. मी म्हटलं, ही बाई आता लिहीत नाही, फक्त भांडते आहे. आणि अल्बम बाजूला ठेवला. दोन-अडीच वर्षांनी एका लांबच्या बसप्रवासात तो सलग ऐकला तेव्हा कळलं, की राग फक्त दारात उभा आहे, आत बहुतेक प्रेमाची गाणी आहेत. शेवटचं गाणं तर मुख्यतः पियानोवरचं, नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी घर आवरणाऱ्या दोघांचं आहे. ‘मिस अमेरिकाना’ या माहितीपटात एक प्रसंग आहे: ग्रॅमीच्या मुख्य नामांकनांत ‘रेप्युटेशन’ नाही, हे तिला फोनवर कळतं. ती चेहरा सावरते आणि म्हणते की मला आणखी चांगला अल्बम करावा लागेल. तो प्रसंग बघताना मला फार वाईट वाटलं. दुसऱ्यांनी घाईत धरलेली फूटपट्टी तिने स्वतःलाही लावून घेतली होती, आणि ती धरणाऱ्या हातांत माझाही एक होता. आज त्या अल्बमबद्दल कितीतरी जण वेगळं बोलतात.

आणखी एक गोष्ट स्वतःला विचारून बघा, विशेषतः तुम्ही तिशीच्या आसपास असाल तर. २००८ मध्ये ‘फिअरलेस’ आला तेव्हा बारा वर्षांची असलेली मुलगी आज मोठी झाली आहे, नोकरी करते, हप्ते भरते. तेव्हाचं गाणं तिने पहिल्यांदा मन मोडलं त्या दिवसांत ऐकलं होतं. नव्या गाण्याला ती जागा मिळणं शक्यच नाही, कारण ते दिवस गेले. मग ‘तिच्यात आता ती गोष्ट राहिली नाही’ असं वाटतं. होऊ शकतं की खरोखरच राहिली नसेल. पण आधी तपासा की गाणं बदललं आहे की आपण.

हे तपासायला फार सोपा उपाय आहे. ‘ऑल टू वेल’ घ्या. ती बावीस वर्षांची असताना आलेल्या ‘रेड’मध्ये ते साडेपाच मिनिटांचं होतं. २०२१ मध्ये तिने तो अल्बम पुन्हा ध्वनिमुद्रित केला. जुन्या ध्वनिमुद्रणांचे हक्क तिच्या हातात नव्हते म्हणून तिने हा घाट घातला होता. पुढे मे २०२५ मध्ये ते हक्क तिने विकत घेतले. त्या नव्या ‘रेड’मध्ये याच गाण्याचा दहा मिनिटं तेरा सेकंदांचा पूर्ण अवतार आला. दोन्ही लागोपाठ ऐका, शब्द समोर ठेवून. पहिल्यात तरुण गळ्याचा कापरेपणा आहे, दुसऱ्यात आवाज स्थिर आहे आणि बोच जास्त धारदार. वाढ म्हणजे काय झालं, काय मिळालं आणि काय गमावलं, हे त्या सोळा मिनिटांत तुमचं तुम्हाला ऐकू येईल. मला स्वतःला लहान गाणं जास्त चांगलं वाटतं. भाचीला मोठं. आमचं यावर भांडण होतं, आणि ते मला हवंहवंसं वाटतं, कारण त्यात आम्ही दोघी ऐकलेल्यावर बोलत असतो.

आईवडिलांनो, तुम्हीही एक करा. घरातल्या मुलाला किंवा मुलीला सांगा, तुझं सगळ्यात आवडतं एक गाणं मला ऐकव आणि त्याचा अर्थ सांग. मार्च २०२४ मध्ये मुंबई-पुण्याहून मुलंमुली पैसे साठवून सिंगापूरला तिचा कार्यक्रम बघायला गेली, तेव्हा ‘कशाला एवढा खर्च’ हे सगळ्यांनी विचारलं. कोणतं गाणं ऐकून रडलीस, हे फार कमी जणांनी विचारलं.

त्या ऑक्टोबरच्या शुक्रवारी मी भाचीला एवढंच सांगितलं, की आता फोन बाजूला ठेव, उरलेली आठ ऐक, उद्या पुन्हा सगळी ऐक, परवाही. मग एका वहीत तारीख घालून तुला काय वाटतं ते लिही, कुणाचंही काही न वाचता. तिने लिहिलं. रविवारी रात्री दोन पानं झाली. शुक्रवारी सकाळी जे फोनवर म्हणाली होती, त्यातलं निम्मं त्या पानांवर नव्हतं. एका गाण्यावर तर सबंध अर्धं पान होतं, आणि ते पहिल्या चारांतलं नव्हतं. ती वही तिने माझ्याकडे ठेवायला दिली आहे, वर्षभराने दोघींनी मिळून उघडायची असं ठरवून.